विन्स्लो लुईस: ऐंशी दीपगृहं बांधणाऱ्या माणसाच्या दिव्यांविषयी एवढ्या तक्रारी का?

खारेवारे

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, पण विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडवरच्या ईस्टहॅम गावात रस्त्याच्या कडेला झाडीत तीन बुटकी लाकडी दीपगृहं उभी आहेत. 'थ्री सिस्टर्स' म्हणतात त्यांना. समुद्र तिथून दिसतही नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, जंगलात दीपगृह कशाला?" उत्तर शोधत गेलो आणि विन्स्लो लुईसपाशी पोचलो. हा अमेरिकेतली दीपगृहं बांधणारा ठेकेदार; त्याचे दिवे नीट दिसत नाहीत अशा तक्रारी पुढे कप्तानांनी केल्या.

ही लाकडी तिघी १८९२ च्या. त्यांच्या आधी, १८३८ मध्ये, तिथल्याच नॉसेट किनाऱ्यावर कड्याच्या काठाला तीन विटांचे मनोरे बांधले होते. प्रत्येकी जेमतेम १५ फूट उंच, एकमेकांपासून दीडशे फुटांवर. ठेकेदार होता विन्स्लो लुईस, आणि काम उरकलं ३८ दिवसांत. समुद्राने कडा खात खात आणला, विटांचे मनोरे गेले, मग लाकडी आले, तेही मागे मागे सरकवावे लागले. भरती-वादळात वाळू वाहून गेली की त्या विटांच्या मनोऱ्यांचे पाये अजूनही मधूनच किनाऱ्यावर उघडे पडतात.

पण तीन का? कारण जवळच्या ट्रुरो गावातल्या हायलँड दीपगृहाला एक दिवा होता, दक्षिणेला चॅटमला दोन होते. सगळे स्थिर आणि पांढरे. मधे आणखी एक पांढरा दिवा लावला तर खलाशाला कळणार कसं आपण कुठे आहोत ते? म्हणून तीन. एका फिरत्या दिव्याने भागलं असतं, पण झालं ते असं झालं.

आता माणसाविषयी. लुईसचा जन्म १७७० चा, ईस्टहॅमच्या शेजारच्याच वेलफ्लीट गावचा. धंद्याने जहाजाचा कप्तान. १८०७ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि बॉस्टनची जहाजं गोदीत सडायला लागली. हाताला काम नाही, म्हणून हा दिव्यांकडे वळला.

त्या काळचे दीपगृहातले दिवे डोळ्यांसमोर आणा. एक उथळ भांडं, त्यात व्हेलचं तेल, काठावर चार किंवा जास्त वाती. काच नाही, धुराडं नाही. धूर इतका की रखवालदाराचे डोळे-नाक चुरचुरायचे, त्याला मधेच बाहेर यावं लागायचं. काजळी थेट बाहेरच्या काचांवर. म्हणजे रात्र चढत जाईल तसा दिवा मंद होत जायचा, आणि गरज असायची ती नेमकी तेव्हा.

लुईसने १८१० मध्ये आपल्या दिव्याचं पेटंट घेतलं. गोल पोकळ वात, तिच्या आतून आणि बाहेरून हवा, वर काचेची चिमणी. मागे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा परावर्तक, पुढे नऊ इंची जाड हिरवट काचेचं भिंग. बॉस्टनच्या दीपगृहात प्रयोग झाला. उजेड जास्त, धूर जवळजवळ नाही, आणि तेल निम्मं. काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) १८१२ मध्ये पेटंट विकत घेऊन देशातली सगळी दीपगृहं त्याच्या दिव्यांनी सजवायला ६०,००० डॉलरपर्यंतची तरतूद केली. तेव्हा देशात एकूण दीपगृहं होती ४९. ब्रिटिशांशी युद्ध सुरू असतानाही त्याने बहुतेक कामं उरकली.

पुढे तेलपुरवठ्याचा ठेकाही त्यालाच मिळाला. वाचलेल्या तेलातून त्याची कमाई होती. आणि १८१८ नंतर हा माणूस दीपगृहंच बांधायला लागला. जॉर्जिया, फ्लोरिडा, लुईझियाना, मॅसॅच्युसेट्स. स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशी बांधली.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. एवढं काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला शेवटी इतका दोष का आला? माझं मत सांगतो: सरकारने त्याला वाचलेल्या तेलावर मोजलं, दिसलेल्या उजेडावर नाही. तोही मग तेच वाचवत गेला. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत एकवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

रात्रीच्या पहाऱ्यात किनारा जवळ येतो तेव्हा दिवा दिसला एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हातात स्टॉपवॉच घेऊन आपण मोजतो. किती सेकंदांनी चमकला, किती चमका, मधे अंधार किती. तो आकडा चार्टवर लिहिलेल्याशी जुळला की मगच म्हणायचं, हा अमुक. दिव्याला नाव असतं ते त्याच्या चमकण्याच्या लयीत. सगळे दिवे स्थिर आणि पांढरे असतील तर लयच नाही, म्हणजे नावच नाही.

तीन मनोऱ्यांचं बोलायचं तर, लांबून ते तीन दिवे एकात मिसळतात. कोनातून आलात तर दोनच दिसतात. आणि दोन दिसले म्हणजे तुम्ही चॅटमच्या समोर आहात असं समजून बसणार. माझ्या अंगावर काटा आला वाचताना.

नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरसचंही सांगतो. तो मनोरा १८०३ चा, लुईसने बांधलेला नाही, पण दिव्यांची व्यवस्था याच पद्धतीची होती. नौदलाचा डेव्हिड डिक्सन पोर्टर, जो पुढे अ‍ॅडमिरल झाला, त्याने १८५१ मध्ये लिहून दिलं की तिथला दिवा जगातला सर्वांत वाईट आहे, आणि पहिल्या कित्येक फेऱ्यांत तो आपल्याला दिसलाच नाही. जहाजं उथळ रेतीवर चढतात असा तो किनारा. तिथे दिवा न दिसणं म्हणजे काय, हे मी घरच्यांनाही नीट समजावू शकत नाही.

अंदाजपत्रक

खारेवारे, उत्तम धागा. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

लुईसबरोबर त्याच्या साहेबाचंही नाव घ्यायला हवं. स्टीफन प्लेझंटन. वित्त खात्यातला पाचवा लेखापरीक्षक. १८२० पासून १८५२ पर्यंत, बत्तीस वर्षं, अमेरिकेतली सगळी दीपगृहं या एका हिशेबनीसाच्या हाताखाली होती. समुद्राचं ज्ञान नाही, बांधकामाचं नाही, प्रकाशशास्त्राचं नाही. पण माणूस प्रामाणिक. १८१४ मध्ये ब्रिटिश वॉशिंग्टन जाळायला आले तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि इतर कागद कापडी पिशव्यांत भरून गाडीतून व्हर्जिनियात लीसबर्गला नेऊन लपवले ते यानेच. खिशात पैसा घातला असं त्याच्याविषयी मी कुठे वाचलं नाही. वर्षाअखेर शिल्लक दाखवली की आपलं कर्तव्य झालं, अशी त्याची मनापासूनची समजूत होती.

तांत्रिक बाबतीत विचारायचं कोणाला? लुईसला. म्हणजे तपशील ठरवणारा तो, निविदा भरणारा तो, काम करणारा तो, आणि काम चांगलं झालं की नाही हे सांगणाराही बहुतेक तोच किंवा त्याच्या ओळखीचा. मोजमाप पुस्तिका ठेकेदाराच्याच हातात दिल्यासारखं.

याचं उदाहरण फ्लोरिडातलं सेंट मार्क्स. १८२९-३० च्या सुमाराला लुईसने ठेका घेतला आणि काम खालच्या दोघांना दिलं, बेंजामिन बील आणि जायरस थेअर. मनोरा उभा राहिला. तिथला जकात अधिकारी जेसी विलिस ताबा घ्यायला गेला तेव्हा कळलं, भिंती भरीव हव्यात तिथे आतून पोकळ आहेत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे हवा. विलिसने ताबा घ्यायला नकार दिला. मग कॅल्विन नोल्टन नावाच्या दुसऱ्या बांधकामदाराने भरीव भिंतींचा मनोरा नव्याने बांधला, १८३१ मध्ये.

तरुणपणी एका तालुक्याच्या गावी पाण्याच्या टाकीवर मी कनिष्ठ अभियंता होतो. पायाच्या काँक्रीटवर हातोडी मारली तर बद्द आवाज आला. ठेकेदाराने सर्वांत कमी दर भरलेला, वरून पूर्ण करण्याची तारीख दिलेली. मी सही केली नाही. तीन महिने कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. विलिसविषयी वाचलं तेव्हा त्याला नमस्कार करावासा वाटला.

वाचनवेडी

एक शंका. हा दिवा लुईसचा स्वतःचा होता का? पोकळ वातीचा दिवा आर्गांचा ना?

खारेवारे

@वाचनवेडी, बरोबर पकडलंत. पोकळ वातीचा दिवा एमे आर्गां या स्विस माणसाचा, १७८० च्या दशकातला. परावर्तक जोडलेले असे दिवे ब्रिटनमध्ये लुईसच्या आधीच लागले होते. वेल्सच्या किनाऱ्यावर होलिहेडजवळच्या साउथ स्टॅक दीपगृहातला दिवा पाहून त्याने नक्कल केली असं मानलं जातं. त्याची स्वतःची भर म्हणजे ते हिरवट भिंग, आणि त्याने उजेड वाढण्याऐवजी अडायचा. पुढे ती भिंगं काढूनच टाकली.

परावर्तकाची गोष्ट जास्त दुःखाची आहे. परावर्तकाची वक्रता अचूक हवी, म्हणजे ज्योतीचा उजेड एका दिशेने सरळ निघतो. वक्रता चुकली की तो इकडेतिकडे सांडतो. लुईसचे परावर्तक पातळ तांब्याचे. वाकायचे, चेपायचे. नंतरच्या जाणकारांनी त्यांना न्हाव्याच्या वाटीची उपमा दिली आहे. वरचा चांदीचा मुलामा इतका पातळ की रखवालदाराने चकाकीसाठी पूड लावून रोज घासलं की काही काळात तांबं दिसायला लागायचं. जो रखवालदार जास्त इमानदार, त्याचा दिवा लवकर बाद. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

आणि तोवर १८२२ मध्ये फ्रान्समध्ये ऑगस्तँ फ्रेनेलने उजेड झोतात लांबवर फेकणारं, काचेच्या कड्यांचं भिंग केलं होतं. पुढच्याच वर्षी ते कॉर्दुआंच्या दीपगृहात लागलंही. अमेरिकेत पहिली फ्रेनेल भिंगं आली १८४१ मध्ये, न्यू जर्सीच्या नेव्हसिंकला. मधली जवळजवळ वीस वर्षं प्लेझंटनला ती महाग वाटत राहिली.

सवाना_ते_सांगली

थांबा, थांबा. सगळेच एका बाजूला झुकलात.

मी जॉर्जियात राहते. सपेलो बेटावर फेरीबोटीने गेलो होतो. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा विटांचा मनोरा आहे, १८२० चा. बांधणारा विन्स्लो लुईस. वादळं झाली, यादवी युद्ध झालं, कित्येक दशकं तो बंद पडून होता. १९९८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा दिवा लावला. दोनशे वर्षांच्या त्या विटांना मी हात लावला आहे. वरच्या जिन्यावर गरम हवा कोंडलेली, भिंत मात्र गार. निव्वळ लुबाडणारा माणूस असं बांधतो का?

आणि आकडे बघा ना. १८२० मध्ये देशात ५५ दीपगृहं होती. प्लेझंटनच्या हातून कारभार गेला तेव्हा ती तीनशेच्या वर गेली होती. नवा देश, एवढा लांब किनारा, पैसा थोडा. ज्या खाडीत कालपर्यंत काहीच नव्हतं तिथे मंद का होईना, दिवा लागला. सगळीकडे उत्तम दिवा लावायचा म्हटलं असतं तर पन्नास जागी लागला असता आणि अडीचशे जागी अंधार राहिला असता. त्या अडीचशे जागच्या कोळ्यांना विचारायला हवं होतं काय हवं ते.

दर्यावर्दी

@सवाना_ते_सांगली, तुमचं म्हणणं मनाला पटतं, पण एका जागी अडतो. जिथे दिवा नाही हे माहीत आहे, तिथून खलाशी लांब राहतो. जिथे चार्टवर दिवा लिहिलेला आहे आणि तो दिसत नाही, तिथे तो अजून आपण बाहेर आहोत असं समजून पुढे येतो. मंद दिवा अंधारापेक्षा बरा असतोच असं नाही.

खाडीच्या तोंडाशी, छोट्या होड्यांसाठी, तुमचं बरोबर आहे. तिथे मैल-दोन मैल दिसला तरी पुरे.

अंदाजपत्रक

मी एक तुलना मांडतो. लुईसच्या आधीच्या पिढीतला एक बांधकामदार होता, जॉन मॅकोम्ब ज्युनियर, न्यूयॉर्कचा. काँग्रेसने १७८९ मध्ये अगदी सुरुवातीच्या कायद्यांमध्ये दीपगृहांचा कायदा केला, आणि व्हर्जिनियातलं केप हेन्री हे नव्या संघराज्याचं पहिलं सार्वजनिक बांधकाम ठरलं. ठेका मॅकोम्बला, १७९१ मध्ये, १५,२०० डॉलरला. कागदपत्रांवर तेव्हाचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन स्वतः लक्ष ठेवून.

पाया धरला होता १३ फूट. खणायला घेतलं तर सगळी भुसभुशीत वाळू. सरकून पुन्हा खड्ड्यात येणारी. ज्याने वाळूत पाया खणला आहे त्याला ते चित्र लगेच दिसेल. मॅकोम्ब २० फुटांपर्यंत खाली गेला. जादा कामाचे २,५०० डॉलर त्याला मिळाले. १७९२ मध्ये मनोरा पुरा झाला, ९० फूट उंच, आठ बाजूंचा, दगडी. पुढे त्याला भेगा गेल्या म्हणून १८८१ मध्ये शेजारी लोखंडी मनोरा उभारला. जुना कोसळणार असं सगळ्यांना वाटत होतं. तो आजही उभा आहे.

मग १७९६ मध्ये त्याने लाँग आयलंडच्या टोकाला मॉन्टॉक बांधलं, २२,३०० डॉलरला. नंतर ईटन्स नेक. पुढे हॅमिल्टनचं घर त्याने बांधलं, न्यूयॉर्कचं सिटी हॉल मॅंजँ या वास्तुकाराबरोबर केलं. तीन दीपगृहं, तिन्ही उभी.

आता ही तीन आणि लुईसची ऐंशी शेजारी ठेवा. कसबाचा फरक असेलही. पण माझ्या दृष्टीने मोठा फरक असा, की मॅकोम्बच्या जादा खोदाईचे पैसे द्यायला वर कोणीतरी तयार होतं. नॉसेटच्या मनोऱ्यांवर देखरेखीला नेमलेल्या माणसाने नंतर सांगितलं की ते पायाशिवाय वाळूवर बसवले होते. ३८ दिवसांत तीन मनोरे म्हटल्यावर पाया कुठून येणार? आणि पाया खणला असता तर जादा रक्कम मंजूर झाली असती का? प्लेझंटनच्या राज्यात? मला नाही वाटत.

खारेवारे

अंदाजपत्रक, तुम्ही पायाचा विषय काढलात म्हणून लुईसच्या बाजूची सर्वांत जोरदार गोष्ट सांगतो. ही मी मुद्दाम मागे ठेवली नव्हती, पहिल्या पोस्टमध्ये मावली नाही.

मिसिसिपी नदीच्या तोंडाशी फ्रँक्स आयलंड नावाचं बेट. बेट कसलं, नदीने आणून टाकलेला गाळ. तिथे दीपगृहाचा आराखडा केला बेंजामिन लॅट्रोबने. वॉशिंग्टनचं कॅपिटॉल, म्हणजे संसदेची इमारत, बांधणारा लॅट्रोब. दगडी, भव्य, मनोऱ्याभोवती जकातीची जागा. ठेका लुईसला. लुईसने आराखडा पाहून आधीच सांगितलं, या जमिनीला एवढं ओझं पेलणार नाही. आपल्यावर जबाबदारी येणार नाही असं करारात लिहून घेतलं आणि मगच बांधलं. सुमारे ८०,००० डॉलर खर्च झाले. १८२० मध्ये काम पुरं होतं न होतं तोच मनोरा कोसळला.

मग लुईस म्हणाला, मी दुसरा बांधतो, १०,००० च्या आत. १८२३ मध्ये बांधला. साधा, हलका. तो गाळात हळूहळू खचत गेला, वीसेक फूट खाली, पण तिरका न होता उभा राहिला. दिवा १८५६ मध्ये बंद झाला. मनोरा २००२ पर्यंत उभा होता.

म्हणजे ज्या देशाने एका थोर वास्तुकाराच्या आराखड्यावर ८०,००० गमावले, त्याच देशाला लुईसने दाखवलं की साध्या बांधकामात आणि दहा हजारांत भागतं. प्लेझंटनने त्यानंतर त्याचाच शब्द का मानला असेल, हे मला इथे कळलं. तिथे स्वस्त आणि हलकं बांधणं हीच अक्कल होती. तीच अक्कल वाळूच्या कड्यावर आणि पातळ तांब्याच्या परावर्तकावर लावली, तिथे सगळं बिघडलं.

वाचनवेडी

हे पहिल्यांदाच ऐकलं. मग त्याला पायउतार कोणी केलं?

खारेवारे

घरातल्याच माणसाने. सख्खा पुतण्या, आय. डब्ल्यू. पी. लुईस. हा शिकलेला स्थापत्य अभियंता. त्याआधी जहाजांच्या मार्गदर्शिका छापणाऱ्या ब्लंट बंधूंनी कप्तानांच्या तक्रारी सरकारपुढे मांडल्या होत्या, १८३८ मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांनी किनारा वाटून घेऊन पाहणीही केली होती. पण १८४२ मध्ये पुतण्याने मेन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सची दीपगृहं स्वतः फिरून पाहिली आणि १८४३ मध्ये अहवाल दिला. खराब चुना, गळणारे मनोरे, सैल दगडकाम, नीट न बसवलेले परावर्तक, एकेका ठिकाणचं लिहिलं आहे. त्यातली कित्येक कामं काकाची.

काका तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्याने त्याच वर्षी उत्तरादाखल पुस्तिका छापली. मी ऐंशी दीपगृहं बांधली, असा हिशेब त्यातच आहे. दोघांचं पुढे जमलं नाही.

प्लेझंटन तरी दहा वर्षं टिकला. १८५१ मध्ये काँग्रेसने मंडळ नेमलं, त्याने ७६० पानांचा अहवाल दिला, आणि ऑक्टोबर १८५२ मध्ये दीपगृह मंडळ आलं. नौदल अधिकारी, लष्करी अभियंते आणि शास्त्रज्ञ एकत्र. यादवी युद्धापर्यंत जवळजवळ सगळीकडे फ्रेनेल भिंगं बसली. लुईसने हे पाहिलं नाही, तो १८५० मध्येच वारला.

पुतण्याने फ्लोरिडाच्या प्रवाळावर लोखंडी खांबांचं कॅरिसफोर्ट रीफ दीपगृह आखलं. ते १८५२ मध्ये पुरं झालं, लेफ्टनंट जॉर्ज मीडच्या देखरेखीखाली. पुढे यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत लढलेला तोच मीड.

जॅक्सनव्हिलकर

उशिरा आलो, पण माझ्या घरापासून तासाभरावर लुईसचा एक मनोरा आहे म्हणून लिहितो.

अमीलिया बेटावरचं दीपगृह. फ्लोरिडातलं सर्वांत जुनं. खरं तर ते आधी नदीपलीकडे जॉर्जियात, कम्बरलँड बेटावर होतं, लुईसने १८२० मध्ये बांधलेलं. खाडीचं तोंड सरकलं, तेव्हा १८३८ मध्ये ते उतरवलं आणि त्याच विटा पलीकडे नेऊन इथे पुन्हा रचलं. पाया खराब असता, विटा भुसभुशीत असत्या, तर कोणी उतरवून पुन्हा बांधायच्या भानगडीत पडलं असतं का? सवाना_ते_सांगली, तुमच्या बाजूने एक मत.

वर आता फ्रेनेल भिंग आहे, त्यामुळे दर्यावर्दींच्याही बाजूने अर्धं मत.

आत ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचा गोल जिना आहे. आईला गुडघ्यांमुळे चढता आलं नाही. ती खालीच भिंतीला टेकून बसली आणि गाइडला विचारत होती, रात्री दिवा कोण लावतं. आता आपोआप लागतो म्हटल्यावर तिचं समाधान झालं नाही. पुन्हा विचारलं, आधी कोण लावायचं, त्याला किती तेल मिळायचं. धागा तिला वाचून दाखवला. वाती आणि काजळीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. लहानपणी घरात कंदिलाच्या काचा राखेने पुसायचं काम तिच्याकडेच होतं.

पुढच्या वेळी गेलो की पायाजवळच्या विटांचे फोटो टाकतो. अंदाजपत्रक, तुम्ही बघून सांगा, चुना कसा आहे ते.